चौथऱ्यावरच्या दोन रेघा

या ऑगस्टात आमच्या गावच्या बागेचं नाव बदललं. नारळ फुटला, भाषणं झाली. बँड तोच होता, वाजवायचं गाणं तेवढं नवं होतं. बागेतल्या चौथऱ्यावरची जुनी संगमरवरी पाटी काढून तिथे नवी बसवली. जुन्या पाटीवर एका गव्हर्नराचं नाव मोठ्या अक्षरांत आणि म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांचं त्याहून किंचित लहान अक्षरांत होतं. नव्या पाटीवर स्वातंत्र्याचा उल्लेख मोठ्या अक्षरांत आहे आणि नव्या अध्यक्षांचं नाव त्याहून किंचित लहान अक्षरांत. अक्षरांच्या मापात फरक पडलेला नाही.

पाटी बसवताना गवंड्याला चौथऱ्याच्या दगडावर, अगदी खालच्या अंगाला, दोन उभ्या रेघा दिसल्या. बोटभर लांब, टाकीने कोरलेल्या, एकमेकींपासून दीड हात अंतरावर. त्याने विचारलं, "ह्या घासून टाकू का?" जमलेल्या पुढाऱ्यांपैकी एक म्हणाला, "मागच्या गवंड्याची चूक असेल. राहू दे, इतक्या खाली कोण बघतंय."

मी तिथेच उभा होतो. पेन्शनीत निघालेल्या कारकुनाला असल्या सोहळ्यात मागच्या रांगेत उभं राहायची मुभा असते, बोलायची नसते. पण घरी आलो तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. चूक म्हणे. त्या बागेत आजवर जेवढी अक्षरं कोरली गेली त्या सगळ्यांहून त्या दोन रेघा खऱ्या आहेत, आणि ज्याने त्या कोरल्या त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं.

गावाचं नाव लिहीत नाही. धुळ्याच्या वाचकाला ते जळगाव वाटेल, जळगावच्या वाचकाला धुळे, आणि दोघेही निश्चिंत राहतील.

आता जिथे बाग आहे तिथे पूर्वी लेकरांची बरड होती. मुरमाड, काटेरी, ज्वारीसुद्धा येणार नाही अशी जमीन. तिच्या एका कोपऱ्यात गोसाव्यांच्या जुन्या समाध्या होत्या, कारण गोसावी आपला माणूस जाळत नाहीत, बसवून पुरतात. त्यांच्या शेजारी गावाने आपली लहान मुलं पुरायला कधी सुरुवात केली ते कोणाला सांगता येत नाही. दात न आलेलं मूल आपल्याकडे जाळत नाहीत. मग प्लेग आला, पुढे लढाईच्या अखेरीस इन्फ्लुएंझा आला, आणि बरड भरत गेली. वरून मात्र ती सदैव रिकामीच दिसे. तिथे दगड उभा करायचा नाही, नाव लिहायचं नाही, ओटा बांधायचा नाही, असा दंडक होता. खूण दिसली की करणी करणारे येतात आणि मूल उकरून नेतात, ही त्यामागची भीती. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण भीती खरी होती.

आणखी एक रीत होती. आईने तिथे यायचं नाही. बापाने कापडात गुंडाळलेलं मूल हातांवर न्यायचं, मूठभर माती टाकायची आणि परत फिरायचं. मागे वळून पाहायचं नाही. या रिवाजाने काय साधलं ते बघा. जिला पाहायचं होतं तिला येऊ दिलं नाही आणि जो आला त्याला पाहू दिलं नाही. ओसाड रानात एकदाच, मान खाली घालून गेलेल्या माणसाला जागा कशी आठवणार? गावातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी त्या जमिनीत होतं, आणि नेमकं कुठे ते एकाही बापाला ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक होतं रतनपुरी गोसाव्याला.

त्याला सगळे पुरीनाना म्हणत. साक्री बाजूचा माणूस, बोलणं शेवटपर्यंत खानदेशी. खांदे रुंद, कान मोठे, आणि चेहरा असा की हा रागावला आहे की हसू दाबतो आहे ते कळू नये. खड्डा तो खणायचा, मूल बापाच्या हातून तो घ्यायचा, माती तो लोटायचा, वर काटेरी फांदी तो ठेवायचा. त्याचा बाप हेच करत असे.

मी म्युनिसिपालिटीत जन्म-मृत्यूच्या नोंदीला लागलो तेव्हा माझं वय वीस-एकवीस असेल. माझ्या पुस्तकात रकाने भरपूर होते. नाव, बापाचं नाव, जात, वय, मरणाचं कारण, दहन की दफन. बारशाच्या आत गेलेल्या मुलाच्या नावाच्या रकान्यात 'अनाम' लिहायचं असा नियम होता. 'कुठे' हा रकाना सरकारने आखलाच नव्हता.

पुरीनानाची पहिली ओळख झाली ती त्याच्या चालण्यावरून. हा माणूस बाजारात असो, कचेरीत असो, रस्त्यावर असो, सारख्या मापाची पावलं टाकीत चाले. घाई नाही, रेंगाळणं नाही. बैल अंगावर आला तरी तो पाऊल मोठं करत नसे, बाजूला होई. आणि पायांत कधी काही नसे. एका कापडवाल्या शेटजींनी, त्यांच्या घरातल्या कसल्याशा दुःखानंतर, त्याला कोऱ्या वहाणा आणून दिल्या. त्याने त्या डोक्याला लावल्या आणि परत दिल्या.

"का हो नाना, पाय भाजत नाहीत का?" मी विचारलं. वैशाख चालू होता.

"भाजतस ना. पण जोडा घाला का पाऊल बदली जास, भाऊ."

"बदललं तर काय होतं?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मी विचारलं होतं, आकडे बदलले तर पाढे चुकतात का.

पुढे एका आठवडेबाजारी कळलं. मी पाणवठ्याच्या नोंदीसाठी त्या बाजूला गेलो होतो. एक शेतकरी बाई, डोक्यावर बाजाराची पाटी, बरडीच्या कडेला उभी होती. नानाने तिला तीन प्रश्न विचारले. कोणाच्या घरची? किती दिवसांचं होतं? रानात तेव्हा काय चाललं होतं? "कापूस येचना व्हता," ती म्हणाली. नाना मोठ्या निंबाच्या झाडाला पाठ लावून उभा राहिला, विहिरीकडे तोंड केलं आणि चालू लागला. एकोणिसाव्या पावलावर थांबला, बाजूला झाला. बाई तिथे बसली. पाटीतून एक झबलं काढून मांडीवर घेतलं, थोडा वेळ बसली, झबलं परत पाटीत ठेवलं आणि बाजाराला गेली. एवढंच.

बरडीवर तीन झाडं होती, निंब, चिंच आणि हिवर. त्यांच्यापासून मोजलेली पावलं आणि तोंड करायची दिशा, हा नानाचा हिशेब. निंब ते चिंच किती, चिंच ते हिवर किती, हेही पाठ. सारं डोक्यात. आणि सांगायचं ते फक्त आईला. बापाने विचारलं तरी नाही. बाप सहसा विचारीतच नसत.

मी स्वभावाने संशयी. मला वाटलं, म्हातारा चतुर आहे. कुठेतरी चालत जातो आणि जागा दाखवतो, बाईचं समाधान होतं, कोणाचं काय जातं? मी 'एकोणीस, विहिरीकडे' असं टिपून ठेवलं. पुढच्या वर्षी तीच बाई आली तेव्हा मुद्दाम जाऊन पाहिलं. एकोणीस. तरी मी मानलं नाही. आकडा लक्षात ठेवता येतो.

मग पाण्याचा मोठा नळ बरडीच्या कडेने न्यायचं ठरलं. ओव्हरसियरने चुना टाकून रेघ आखली. नाना येऊन म्हणाला, "आठे नको खंदू, साहेब. दोन हात सोडी द्या." ओव्हरसियर पुण्याकडून नवा आलेला, शास्त्रावर विश्वास ठेवणारा. तो म्हणाला, "इथे काय आहे?" नाना म्हणाला, "कमरेएवढं गेला का दुधनी वाटी लागी. काशानी. काठ चेपेल शे." ओव्हरसियर हसला आणि खणायला लावलं. कमरेएवढ्या खोलीवर पहारीला काहीतरी लागलं. मजुराने हाताने माती बाजूला केली. काशाची वाटी, एका बाजूला काठ चेपलेला. खाली काय आहे ते पाहायला कोणी थांबलं नाही. ओव्हरसियरने स्वतः ओंजळीने माती लोटली आणि चुन्याची रेघ दोन हात सरकवली. त्या दिवसापासून माझा संशय संपला. शास्त्रावरचा त्याचा विश्वासही थोडा हलला असावा, कारण तो नानाला 'तुम्ही' म्हणू लागला.

इन्फ्लुएंझाच्या साथीत माझीही चार महिन्यांची मुलगी तिथे गेली. मी मूठभर माती टाकली आणि रिवाजाप्रमाणे परत फिरलो. पुढे कित्येक वर्षं माझी बायको मार्गशीर्षातल्या एका ठरावीक दिवशी मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला जात असे. त्या मैत्रिणीचं नाव मी कधी विचारलं नाही. ज्या माणसाने शेकडो लोकांना मरणाची तारीख विचारली, त्याला घरात एक प्रश्न विचारता आला नाही.

वय झालं तसं नानाचं पाऊल आखडू लागलं. ते सगळ्यांआधी त्याच्याच ध्यानात आलं. त्याने बाभळीची एक काठी तोडली, आपल्या जुन्या पावलाच्या मापाची, बरोबर दीड हात. ही काठी तो टेकत नसे. टेकायला ती आखूडच होती. रोज सकाळी ती जमिनीवर आडवी टाकायचा आणि तिच्या दोन टोकांवर पावलं जुळवून बघायचा, एखादा गवई तंबोरा लावतो तसा. मग दिवसभर त्याच मापाने चालायचा, गुडघे कुरकुरले तरी.

इथवर सगळं सुरळीत चाललं होतं. मग गव्हर्नरसाहेब येणार असं कळलं.

आमचे अध्यक्ष वकील होते. बुद्धिमान, गोरे, उपरण्याची घडी न मोडणारे. गव्हर्नरांच्या आगमनाप्रीत्यर्थ गावात बाग हवी आणि ती स्टेशनच्या रस्त्यावर हवी, हे त्यांच्या मनाने घेतलं. स्टेशनच्या रस्त्यावर मोकळी जागा एकच, बरड. काही गोसावी आणि वाणी घरांनी हरकत घेतली, म्हणून नानाला सभेपुढे बोलावलं. मी वृत्तांत लिहायला बसलो होतो. कारकुनाला सभेत तोंड नसतं, फक्त हात असतो.

"तिथे मुलं पुरली आहेत म्हणतोस. किती आहेत ते ठाऊक आहे?"

"बठ्ठी मोजेल शेतस, साहेब."

"मग नावं सांग."

"नाव ठेवाना आधीच येतस त्या."

एक सभासद हसला. वकीलसाहेब हसले नाहीत. "मुलांची नसतील, बापांची असतील. आम्हाला काहीतरी दाखव. अमक्याचं मूल, अमक्या जागी. एक तरी सांग."

नानाने काठी काखेत घेतली. मग म्हणाला, "मायले सांगस. दुसराले नही."

"मी या म्युनिसिपालिटीचा अध्यक्ष आहे."

"व्हय, साहेब. पण माय नही ना."

सभागृहात हशा झाला. वकीलसाहेबांचे कान लाल झाले. मी मात्र लेखणी दौतीत बुडवून तशीच राहू दिली. कारण माझ्या पुस्तकात, काही वर्षांपूर्वीच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात एक ओळ होती: मुलगा, वय अकरा दिवस, अनाम, दफन. बापाच्या रकान्यात वकीलसाहेबांचं नाव. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. नानालाही ते ठाऊक होतं. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी ठराव तिथल्या तिथे मेला असता.

ठराव एकमताने पास झाला. 'दफनाची नोंदवही अस्तित्वात नसल्याने सदर जागा रिकामी समजण्यात यावी.' माझ्या वळणदार अक्षरात तो आजही दफ्तरात आहे. ज्यांनी 'कुठे' हा रकाना कधी ठेवला नाही त्यांनीच रकाना नाही म्हणून मुलं नाहीत असं ठरवलं. आणि ठरवणाऱ्यांत तिथे स्वतःच्या हाताने माती टाकून आलेले निदान पाच जण होते. एकालाही बोलावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

बाहेर आल्यावर मी सगळा राग नानावर काढला. "एक नाव घेतलं असतंत तर बरड वाचली असती. तुम्हाला कोणतं ते माहीत आहे."

"माहीत शे."

"मग?"

"ती माउलीनी इचारं व्हतं, कोनले सांगशी का? मी बोलनू, नही." तो काठीने पायाजवळची माती सारखी करत राहिला. "एकनं सांगं तर बठ्ठ्यासनं सांगं, भाऊ."

मला तेव्हा तो हट्टी वाटला. आजही वाटतो. पण त्या दिवशी त्या इमारतीत दिलेला शब्द पाळणारा तो एकटाच होता, हेही लिहून ठेवायला हवं.

सोमवारी तिन्ही झाडं तोडली. बागेच्या नकाशात सरळ रस्ते होते आणि झाडं वाकडी उभी होती. गुरुवारी कलेक्टर कचेरीचं पत्र आलं की जमीन सपाट करण्यापूर्वी दफनाच्या जागांची यादी सादर करावी. तेव्हा ज्या सभेने नोंदवही नाही असा ठराव केला होता तिनेच रतनपुरीला पत्र लिहिलं की आपणाकडील नोंदवही तात्काळ हजर करावी. पत्र मीच लिहिलं आणि त्याला वाचता येत नव्हतं म्हणून मीच जाऊन वाचून दाखवलं. तो निंबाच्या बुंध्याजवळ बसला होता. बुंधा अजून ओला होता.

"काय मांगतस त्या?"

"नोंदवही."

"ती तुम्हीन सोमवारले तोडी टाकी, भाऊ."

मी परत निघालो तेव्हा त्याने हाक मारली. "एक काम करशात का? बुंधा खंदी काढतीन तव्हय निंबना जागावर काही तरी बसाडा. जे हालाव नही असं. एक जागा धरी ठेवी तर बठ्ठं मोजता येई."

आमच्या गावात हलत नाही अशी वस्तू कोणती, याचा मी रस्ताभर विचार केला. झाडं तुटतात, विहिरी बुजतात, देवळंसुद्धा रस्त्यासाठी सरकतात. कोणी हात लावणार नाही असा एकच दगड असतो, ज्यावर अध्यक्षांचं नाव कोरलेलं असतं. नकाशात पाटीचा चौथरा दरवाज्याशी होता. मी वकीलसाहेबांना सुचवलं की तो थोडा आत घेतला, अमुक ठिकाणी, तर तिथून नाव चारही रस्त्यांनी दिसेल. त्यांनी नकाशा हातात धरला, मान तिरपी करून पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला दृष्टी आहे." माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत माझी झालेली ही एकमेव स्तुती.

गव्हर्नरसाहेब बागेत अकरा मिनिटं होते. त्यांतली सहा हारांत गेली. हिरवळ वेळेत रुजली नाही म्हणून नदीकाठचं गवत चौकोन कापून आणून अंथरलं होतं. साहेब गेले आणि तिसऱ्या दिवशी ते पिवळं पडलं. पुढे खरी हिरवळ आली. खत चांगलं असावं, असं एक सभासद विनोदाने म्हणाला. तो विनोद होता हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

नानाला बागेवर पहारेकरी नेमलं. हे औदार्य समजलं गेलं. खाकी सदरा, गळ्यात शिट्टी, पायांत बूट, आणि हुकूम असा की 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी अमलात आणावी. त्याने सदरा घातला, शिट्टी अडकवली. बूट मात्र तो चौथऱ्याच्या पायरीवर जोडीने ठेवून देई, देवळाबाहेर ठेवतात तसे. ओव्हरसियर तपासणीला आला की विचारी, "बूट कुठे आहेत, नाना?" नाना बोट दाखवी, "हजर शेतस." बाया येत. तो इकडेतिकडे पाही, चौथऱ्याला पाठ लावून उभा राही आणि हिरवळीवरून पावलं टाकत चालू लागे. शिट्टी तो कोकरं हाकायला वाजवायचा.

एका संध्याकाळी मी दफ्तराचे कागद घेऊन वकीलसाहेबांच्या मागे बागेत होतो. ते चार मित्रांबरोबर फेऱ्या घालत होते. एक बाई, डोक्यावरून पदर घेतलेली, हिरवळीच्या मध्यावर चालली होती आणि तिच्यापुढे नाना, हातात काठी.

"अरे पहारेकरी," वकीलसाहेब ओरडले, "तूच हिरवळ तुडवतोस? शिट्टी वाजव. त्या बाईंना बाहेर काढ."

नाना थांबला. शिट्टी गळ्यात तशीच राहिली. बाई आणखी एक पाऊल पुढे गेली, खाली बसली आणि मग तिने मागे वळून पाहिलं. त्या माई होत्या. वकीलसाहेबांच्या पत्नी.

माईंचा आवाज मोठा नव्हता, पण बाग शांत होती. "चौथऱ्यापासून तेवीस पावलं आहेत," त्या म्हणाल्या. "या ना. इतकंच तर यायचं आहे."

वकीलसाहेबांनी आधी मित्रांकडे पाहिलं. मग पाटीकडे, जिच्यावर त्यांचं नाव होतं. मग स्वतःच्या पंपशूंकडे. मला वाटलं, आता हा माणूस पंपशू काढील. क्षणभर त्यालाही तसं वाटलं असावं. एक टाच उचलली गेली होती.

"गवत ओलं आहे," ते म्हणाले आणि वाळूच्या रस्त्याने पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी 'कर्तव्यात कसूर' या कारणाखाली नानाला कामावरून काढल्याचा हुकूम निघाला. तोही माझ्याच अक्षरात. त्याने सदरा धुऊन, घडी घालून आणला. शिट्टी वर ठेवली. बुटांचे तळवे कोरे होते; मी उलटे करून पाहिले, त्यांना धूळसुद्धा लागली नव्हती.

त्यानंतर महिनाभर दर बाजाराच्या दिवशी तो बागेच्या फाटकाबाहेर उभा राहिला. येणाऱ्या प्रत्येकीला तिचा आकडा आणि तिची दिशा सांगितली, तिच्याकडून म्हणवून घेतली. "आते तुम्हीच ध्यानमा धरा, माय. मी कितला दिन पुरसू." लुगड्यातली बाई लहान पावलं टाकते, तिची तेवीस त्याच्या तेवीसला पुरत नाहीत, म्हणून तो काठी दाखवी, तिच्या मापाची दीड हात दोरी देई आणि त्या दोरीने मोजायला लावी. माझ्या घरातल्या कुंकवाच्या डब्यातही एक दोरी आली. मी तिच्याबद्दल विचारलं नाही.

मग तो शिरपूरकडे भाचीच्या गावी गेला. तिथेच त्याला समाधी दिली असं पुढे कानावर आलं. कोणत्या जागी, ते सांगणारा मला कोणी भेटला नाही.

तो गावात होता त्या शेवटच्या दुपारी मी त्याला पाहिलं. ऊन होतं, बाग ओस पडली होती. चौथऱ्याजवळ कोणी तरी उकिडवं बसलेलं दिसलं म्हणून आत गेलो. नाना होता. पुढे काठी आडवी टाकलेली, हातात टाकी आणि लहान हातोडा, पाथरवटाकडून मागून आणलेला. दगडावर एक रेघ झाली होती.

"नाना, हे काय?"

"मी जासू तव्हय काठी बी जाई, भाऊ. दगड ऱ्हाई." त्याने काठीचं एक टोक पहिल्या रेघेला लावलं, दुसऱ्या टोकाशी अंगठ्याने खूण केली. मग माझ्याकडे पाहिलं. "सरकारी दगड शे. गुन्हा शे का?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग तुम्ही तिकडे तोंड करी उभा ऱ्हा." तो शांतपणे म्हणाला. "तुम्हना बाप लोकेसले सवय शे."

मी पाठ फिरवली. समोर हिरवळ होती, पाणी मारलेली, नीट कापलेली. मागे टाकीचे घाव पडू लागले. थोडे, सावकाश, सारख्या अंतराने. मग थांबले. रिवाजाप्रमाणे मी सरळ कचेरीत जायला हवं होतं.

मी वळून पाहिलं. तो काठी दोन रेघांमध्ये धरून खात्री करून घेत होता. बरोबर बसली. त्याने ती चौथऱ्याला टेकून ठेवली, धोतर झटकलं आणि फाटकाकडे निघाला. एवढ्या वर्षांत प्रथमच त्याची पावलं मला लहानमोठी पडताना दिसली, कुठल्याही थकलेल्या म्हाताऱ्याची पडतात तशी.